ओली पत्ती

सोनाळा, मार्गशीर्ष वद्य पंचमी

आज नामदेवच्या थुंकीतही क्षयाचे जंतू दिसले. काच दोनदा तपासली. त्याचे वडील दौलतबुवा सनईवाले. त्यांचा क्षय मी आषाढातच ओळखला होता आणि बजावलं होतं, सनई फुंकायची नाही, ताटवाटी वेगळी ठेवायची.

बापलेक समोर बसले होते. मी चिडूनच विचारलं, "बुवा, सनई फुंकता ना अजून?"

"नाई जी बाई. तुमी सांगतल्यापासून ओठाले लावली नाई. विचारा याले."

"हाव बाई," नामदेव म्हणाला, "आता मीच वाजवतो. बुढा फक्त पत्ती भिजवून देते."

सनईच्या तोंडाशी बसवतात ती ताडाची पत्ती. कोरडी असली तर वाजत नाही. बुवा ती गालात धरून मऊ करतात आणि तशीच ओली मुलाच्या तोंडात देतात.

"पाण्यात का नाही भिजवत?"

"पाण्यानं सूर कच्चा लागते, बाई. मले बी माह्या बापानं अशीच देल्ली."

त्यांनी माझा शब्द तंतोतंत पाळला होता. पत्तीचं मीच कधी विचारलं नाही. का नाही विचारलं?

"पण याले काऊन झालं जी?" बुवांनी विचारलं.

"सांगता येत नाही," मी म्हटलं. येत होतं.

पत्ती तेवढी मागून घेतली. बुवांनी ती धोतराला पुसून दिली. "जपून ठेवा बाई, वाळली तं चिरते."

कागदात गुंडाळून टेबलावर ठेवली आहे. जाळायला हवी. अजून जाळलेली नाही.