कापलेल्या सहा ओळी

कोल्हापूर,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय मल्लाप्पा,

शरणार्थ. नमस्काराचा हा शब्द तुमच्याच घरात शिकलो, आणि तीन वर्षांत कुणाला म्हटला नाही. तुझ्या आईंचे, अव्वांचे गुडघे कसे आहेत? इकडे ठीक. स्नेहल अजून बालवाडी चालवते. आमचा राजवीर पुण्यात असतो, नोकरी चांगली आहे. मी अजून त्याच दैनिकात, जिल्हा पानावर.

परवा हुपरीच्या एसटीत तुमच्या गल्लीतल्या शालूबाई भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या दोस्ताच्या घरात औंदा नऊ दिस पाणी हुतं. पेपरात न्हाय आलं व्हय?"

"पूर्वी चार दिवसांत उतरायचं ना?"

"पूर्वी त्यो भरावाचा रस्ता आडवा नव्हता की वो!"

ऑफिसात जाऊन तीन वर्षांपूर्वीचा, त्या रस्त्याच्या बातमीचा अंक काढला.

त्या बातमीबद्दल तू मला एकदाच विचारलंस आणि मी खोटं बोललो. म्हणून हे पत्र.

पुण्याच्या एका धोरण संस्थेचा तुमच्या गावच्या रस्त्याबद्दल अहवाल आला होता. भराव टाकून रस्ता उंच करा, पाणी तुंबणार नाही, असा. त्यांचं सगळं तयार यायचं, मथळ्यासकट, फोटोसकट. तुमच्या अभ्यास गटाची हाताने लिहिलेली आठ पानं होती. तुम्ही चार मास्तरांनी दोनशे बारा घरांत जाऊन भिंतीवरच्या पुराच्या खुणा टेपने मोजल्या होत्या. भराव टाकला तर पाणी गावातच अडेल, असं ती मापं सांगत होती. आमचे संपादक हंबीरराव यांचा दंडक तुला माहीत आहे, "दोन्ही बाजू आल्या पायजेत." मी दोन्ही घेतल्या. त्याचा मला अभिमानही वाटला.

पण त्यांना वर बावीस ओळी दिल्या, तुम्हाला खाली सात. त्यांना लिहिलं 'अभ्यासक', तुम्हाला 'डाव्या विचारांचा गट'. त्यांच्या विश्वस्तांत कोणत्या पक्षाची माणसं बसतात हे मला ठाऊक होतं. ते लिहिलं नाही. मग आणखी जुने अंक चाळले, तर सगळीकडे हेच. तुमच्या नावाआधी दर वेळी एक विशेषण, त्यांच्या नावाआधी एकदाही नाही. आणि टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत असतं की जाहिरात आली की बातमी खालून कापतात. तुमची बाजू नेहमी खालीच असायची.

त्या संध्याकाळी जाहिरात आली. तुमच्या मापांच्या सहा ओळी गेल्या. उरली एक, 'डाव्या विचारांच्या गटाने मात्र विरोध केला आहे.'

रस्त्याच्या सुनावणीत समोर बसलेल्या सरकारी साहेबांनी तोच अंक हलवून दाखवला. "गुरुजी, मापं असती तर पेपरात आली नसती व्हय? हे राजकारण हाय तुमचं." लोक हसले. तू माझ्याकडे बघितलंस. मी वहीत डोकं घातलं होतं. वहीत काही लिहीत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी तू ऑफिसात आलास. "आकाराम, तू कापलंस व्हय?" मी म्हणालो, "न्हाय रे, जाहिरातीनं घात केला." तू "बरं" म्हणालास आणि जिना उतरलास.

मल्लाप्पा, जाहिरात बारकी होती. शेजारच्या सत्काराच्या बातमीतून जागा निघाली असती. कापताना माझ्यापुढे दोन्ही बातम्या उघड्या होत्या. त्याच आठवड्यात पुण्याच्या त्या संस्थेतून एका गृहस्थांचा फोन आला होता. "तुमच्या राजवीरचा अर्ज बघितला, मुलगा चुणचुणीत दिसतो." बस, एवढंच. दुसरं काही मागितलं नाही, मागायची गरजही पडली नाही. राजवीर आज तिथेच आहे. तो लागला तेव्हा मी अंबाबाईला पेढे ठेवले. आता देवळात उभा राहिलो की देवीचं नाव ओठांवर येतं आणि मन त्या सहा ओळींपाशी जातं.

खुलासा छापूया म्हणून हंबीररावांकडे गेलो. "आकाराम, तीन वर्षांची शिळी भाकरी कोण खातंय? जा, पान लाव." मग राजवीरला फोन केला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मी तिथं माझ्या मेहनतीनं लागलोय असं मला वाटत होतं." लागलाही असेल. पण आता ते त्याला कधी कळणार नाही, आणि मलाही.

गुरुवारी रस्त्याच्या पुढच्या टप्प्याची सुनावणी आहे. त्याच संस्थेचा नवा अहवाल आला आहे. तू जाणार नाहीस असं शालूबाई म्हणाल्या. "गुर्जी म्हणत्यात, आमची मापं कोण ऐकतंय?" तुझं चुकत नाही. तरी ये. तुमची आठ पानं माझ्या कपाटात होती, ती सोबत परत पाठवतो आहे. ती वाचायचा अधिकार तुझा.

मी रजा टाकली आहे. पत्रकारांच्या खुर्चीत बसणार नाही. तू आलास किंवा नाही आलास, माझं नाव पुकारून घेऊन एवढंच सांगेन की मापं होती, छापायला आली होती, आणि मी कापली. त्यानंतर या टेबलावर मला कोण ठेवेल, माहीत नाही.

अव्वांच्या पाया पडतो. 'तुझा' असं लिहायला आज हात धजत नाही.

आकाराम