बंपर कोणी केला

बाबा, गाडीतून सगळ्यात आधी उतरली ते त्या पोराची माय. हिरव्या काठाची साडी, हातात चिवड्याची पिशवी. तिच्या मागून काका, घर विकत घ्यायले आल्यासारखे छताकडे पाहात, अन् शेवटी पोरगा, काळा चष्मा काढून खिशात ठेवत. आता तुमीच सांगा, रविवारचा दिवस, माय, काका अन् लग्नाच्या वयाचा पोरगा, असे तिघं कोणाच्या घरी येतात तर कायसाठी येतात? आदल्या दिवशी माह्या पोरानं फोन ठेवून मले एवढंच सांगितलं होतं, "आई, उद्या अकोल्याचे पाहुणे पाहायले येऊन राहिले." काय पाहायले ते तो बोलला नाही, अन् मी विचारलं नाही. घरात लग्नाची नात, विचारायचं काय त्यात? मी पोहे भिजवले, पलंगपोस बदललं, नातीले म्हटलं साडी नेस. ती म्हणे, "साडी नेसून ग्रायंडर चालवू का, आजी?" अन् हसत मागच्या शेडमधे निघून गेली. मले वाटलं, लाजली.

काका खुर्चीत टेकले न टेकले तर म्हणे, "तयार आहे ना मग?"

"होऊन राहिली," मी म्हटलं, "तुमी पोहे तर घ्या."

"अन् रंग?"

मले राग आला, पण नातीसाठी जीभ आवरली. "रंग सावळा आहे. आमच्याकडे सगळे तसेच. उन्हात नाही बसली तर उजळते."

काका माह्याकडे पाहातच राहिले. "उजळते? आम्ही तर काळाच सांगितला होता."

असे पाहुणे मी जन्मात पाहिले नव्हते. तेवढ्यात त्यांनी पुढचं विचारलं, "वजन किती भरलं?"

"वजन?" मी उठूनच उभी राहिली. "काहून, अंजनगावच्या बाजारात म्हैस पाहायले आले का तुमी?"

माय बिचारी चमचा हातात धरून एकदा माह्याकडे पाहे, एकदा काकाकडे. शेवटी माहा पोरगा हात पुसत धावत आला, "आई, आई, ते बंपर पाहायले आले. जीपचा बंपर!" त्या बाईले असं हसू सुटलं का पोहे सांडले, तिचा पोरगा कानापर्यंत लाल झाला, अन् काका म्हणे, "मी म्हटलं, बंपर उन्हात कसा काय उजळते?" मीही हसली. पण बाबा, पोरीचा समजूनही मी रंग मुकाट सांगितला होता, हे मनात राहिलंच.

तर बंपर. तुमी जन्मभर बंडीच्या चाकाले लोखंडी धाव चढवली, जीप काही तुमच्या भात्यापुढं आली नाही, म्हणून सांगते. गाडीच्या तोंडापुढं आडवं लोखंड असते, ठोकर लागली तर आधी त्यानं खावी म्हणून. कंपनीचं असते ते दगडाले लागलं का वाकते. या अकोल्याच्या पोराची जीप रस्त्यावर फिरायची नाहीच, नाल्याखोऱ्यातल्या शर्यतीची आहे, तिले ट्रकवर चढवून नेतात. लोकांच्या हौशी कशा असतात पाहा, आपण चिखलातून बंडी काढता काढता मेलो, अन् हे चिखल शोधत जातात. त्याले जाड प्लेटीचा, मापानं केलेला बंपर पाहिजे होता, म्हणून जीप कोणाच्या तरी हातून आपल्या अचलपूरच्या शेडमधे आणून ठेवली. त्याच्या सोबत्यांच्याही जीपा आहेत. हा पसंत पडला तर त्यांचंही काम इथंच, असं बोलणं होतं. अन् माह्या पोरानं नातीले कबूल केलं होतं, ते काम आलं तर अर्धं शेड तुहं. नाही आलं तर चाकणच्या कंपनीत जायचं, तिथली नोकरी तिची वाट पाहून राहिली होती. म्हणून मी म्हणते बाबा, ते नुसतं लोखंड नव्हतं.

अन् काय काम केलं पोरीनं! पहिले फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. मी म्हटलं, हे काय व, शाळेतल्या पोट्ट्यासारखं? म्हणे, "आजी, पुठ्ठा चुकला तर फेकता येते." मग मले समजलं, ब्लाउज शिवणाऱ्या बाया आधी कागद कापतात ना, तसं ते. पुठ्ठा जीपच्या तोंडाले लावे, मागं सरके, एक डोळा बारीक करे, पुन्हा कापे. दोन्हीकडचे कोपरे वर उचलून घेतले, चढणीवर नाक जमिनीत घुसू नये म्हणून. जाळीपुढं मोकळं ठेवलं, इंजिनाले वारा लागला पाहिजे. खाली दोन हूक, फसलेली गाडी त्याले बांधून ओढतात. ते हूक वरून चिकटवले नाहीत तिनं, प्लेटीतून आरपार घेतले अन् दोन्ही बाजूनं जोडले. मग सगळीकडं आधी वेल्डिंगचे कच्चे टाके, बंपर जीपवर लावून पाहिला, डावीकडून वर दिसला तर टाके तोडून परत जोडला, अन् मग पक्की शिवण. तीही सलग नाही, इथं थोडी, तिथं थोडी, नाहीतर लोखंड तापून पीळ खाते. तिच्या तोंडावर ती काळी काच असे, मी दारात तांदूळ निवडत बसे, अन् ती दर वेळी ओरडे, "आजी, इकडं पाहू नको!" मी पाहायचीच. तिचा बाप गेट करते, ट्रॉल्या करते, अन् चांगल्या करते. पण या बंपरले त्यानं हात लावला तो फक्त उचलून धरायले.

पोहे तसेच ठेवून सगळे शेडमधे गेले, अन् अशा बंपरवर काकानं हात फिरवला. शिवणीवरून नख नेलं, खाली वाकून हूक पाहिले. "वा," म्हणे, "झकास! कोणी केला?"

अन् माहा पोरगा म्हणते, "आमी केला."

पोरगी तिथंच उभी, वायर गुंडाळत.

बाबा, आपल्याकडचं हे आमी तुमाले चांगलं माहीत आहे. पुण्याच्या माणसाले वाटते, आमी म्हणजे चारजण असतील. आपल्याकडं माणूस एकटा असला तरी आमी म्हणते. आमी जेवलो, आमी झोपलो. त्या आमीत बाई असली तरी कोणाले दिसत नाही. तो शब्द ऐकला अन् माह्या अंगाची आग झाली, कारण मले अंजनगावचा आपला भाता दिसला. चांदूर बाजारचा तो शेतकरी चाकं ठेवून गावात गेलेला आहे. आई बांगड्या काढून कोनाड्यात ठेवते, पदर खोचते अन् घण उचलते. तुमी सांडशीत लोखंड धरता अन् बारक्या हातोडीनं टिक करून दाखवता, इथं मार. आई तिथं मारते. टिक, धाड. टिक, धाड. तुमच्या कपाळावर घाम आहे, पण तिची तर पाठच भिजलेली आहे. मग शेतकऱ्याची चाहूल लागते, तुमी डोळ्यानं खुणावता, अन् आई घण भिंतीले टेकवून, बांगड्या घालून चुलीपुढं जाऊन बसते, जशी सकाळपासून तिथंच होती. शेतकरी धावेवर थाप मारून म्हणते, "हात लय पक्का हो तुमचा." तुमी म्हणता, "आमी बारक्यापणापासून हेच करतो."

मी भात्यापाशी होती, लहान पोट्टी. मी म्हटलं, "घण तर आईनं मारला." तुमी मले कानाले धरून उठवलं. "मोठ्याच्या मधात तोंड घालते?" आईनं चहा आणला तेव्हा तिच्या हातातली कपबशी वाजून राहिली होती, अन् तो शेतकरी म्हणे, "वहिनीले ताप आहे वाटते." ताप! तुमी त्यावर मान हलवली, बाबा. हाव म्हटलं तुमी. तुमी वाईट नव्हते, मले खेळायले एवढीशी सांडशी करून दिली होती, तिसरीतून शाळा सोडली तेव्हा रडूही दिलं. पण "हिनं केलं" असं एकदा म्हटलं असतं तर भट्टी विझली असती का? सांगा ना. आई गेली तरी गावात कोणाले माहीत नव्हतं, अर्ध्या तालुक्याच्या बंड्या कोणाच्या हातानं चालल्या ते.

म्हणून मी पाहुण्यांपुढं विचारलं, "आमी म्हणजे कोण बे?"

"आई, आत जाय ना, पोहे थंड होऊन राहिले."

"होऊ दे पोहे थंड. आमी म्हणजे कोण?"

त्यानं माह्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं अन् खालच्या आवाजात म्हणे, "पोरीनं केला."

काकाचा हात बंपरवरून उचलला गेला, बाबा, तापल्या तव्यावरून उचलावा तसा. "पोरीनं? मग कोण्या जाणत्याले दाखवून घ्या लागते. हूक तुटला तर दोर माणसाच्या अंगावर येते."

"आत्ताच झकास म्हणत होते ना तुमी?" मी म्हटलं. "एवढ्यात काय गंजला का तो?"

माह्या पोरानं मले बाजूले ओढलं. "झालं समाधान? मी काय माह्यासाठी लपवलं होतं? बाकीच्या गाड्या हातात आल्या असत्या मग सांगितलं असतं. आता बसव तिले चाकणच्या गाडीत." अन् नात, जिच्यासाठी मी भांडून राहिली होती, तीही माह्यावरच, "आजी, तू काहून बोलली व मधात?" तोंड उघडायचं माहीत होतं, पुढचं मी पाहिलंच नव्हतं. पण तिनं वायर खाली ठेवली अन् काकापुढं जाऊन उभी राहिली.

"काकाजी, तपासाच तुमी. नाल्यात घाला, हूकले बांधून ओढा. तुटला तर माहं नाव सांगा. नाही तुटला तरी माहंच सांगा."

"हे बरोबर बोलली पोरगी," ती माय म्हणे. पोरगा तर आधीच वाकून बंपरखाली घुसला होता, हूक मागून कसे धरले ते पाहायले, अन् तिथूनच नातीले काहीबाही विचारत होता. तिच्या बापाले नाही, तिले. काका म्हणे, "ठीक आहे. पाहून कळवतो."

"कळवतो नका म्हणू," मी म्हटलं, "कळवतो म्हणून गेलेले लय पाहुणे पाहिले आमी. दिवस सांगा." माह्या पोरानं कपाळाले हात लावला, पण दिवस मिळाला. मग जीप ट्रकवर चढवली. बंपर पुढं काढून अशी दिसे, जशी भांडायले निघाली. पोरीनं जाता जाता हूकवरून एकदा फडकं फिरवलं अन् आत येऊन बापासमोर बसून चिवडा खाल्ला, गोड होता तरी. बापानं पाण्याचा गिलास तिच्याकडं सरकवला. काम येते का नाही, कोणाले माहीत. नाही आलं तर ते माह्या तोंडानं गेलं म्हणतील, म्हणू दे.

आता एक सांगते. सांजच्याले समोरची बाई फाटकातून ओरडली, "काय व, ट्रकात एवढं काय चढवलं?" मी छाती काढून म्हटलं, "जीपचा बंपर! आमी केला!" ती हाव म्हणून गेलीही, अन् मग माहं मलेच ऐकू आलं. तिच्यामागं जाऊन सुधारलं नाही, बाबा. तुमी गेले तिथला पत्ता असता तरी एवढं लिहिल्यावर हे पत्र मी टपालात टाकलं नसतं. काका गुरुवारी येतो म्हणाले.