अंगठ्याजवळचं बटण

प्रिय दादा,

तुझ्या तीन निरोपांना मी उत्तर दिलं नाही म्हणून तू वहिनीकडे कुरकुर केलीस म्हणे. हातामुळे लिहिता येत नसेल, असं तुला वाटलं असणार. तसं काही नाही. मला राग आला होता आणि तो निवला की लिहावं असा विचार होता. आठ दिवस झाले, निवायचं नाव नाही. मग म्हटलं, आहे तसाच पाठवून द्यावा.

आधी हाताचं सांगते, कारण तू तेच पहिलं विचारशील. चालणं, बोलणं सगळं पूर्ववत झालंय. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र अजून ऐकत नाहीत. करंगळी तर रुसलेल्या पाहुणीसारखी एका बाजूला बसून असते. अर्धांगाचा झटका आला तेव्हा अकरा दिवस तू माझ्या उशाशी बसलास, चमच्याने भरवलंस, केसही विंचरून दिलेस (वेणी भयंकर होती, पण ते असो). ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणूनच हे पत्र लिहिणं जड जातंय.

तिसऱ्या महिन्यात मी कामावर गेले तर आमची खोली ओळखू येईना. सगळे मॅक संगणक गायब, त्यांच्या जागी विंडोजची काळी यंत्रं. डिझाइनचं सॉफ्टवेअर तेच, चित्रं तीच, रंग तेच. म्हटलं, यात काय मोठंसं! पण हाताला वळण असतं ना रे. चोवीस वर्षं मी औषधांची खोकी आणि लेबलं बनवतेय. काही पुसायचं, जतन करायचं, सरकवायचं की माझा अंगठा आपसूक स्पेसबारशेजारच्या कमांडच्या बटणावर जायचा. मला कधी विचारायचाही नाही. नव्या कीबोर्डावर त्या कामाचं बटण, कंट्रोल, पार खाली डाव्या कोपऱ्यात. तिथे पोहोचते ती करंगळी. म्हणजे अख्ख्या शरीरात जे बोट सगळ्यात कमी ऐकतं, नेमकं त्याच्यावर सगळा कारभार. आणि अंगठ्याच्या जागेवर काय, तर ऑल्ट. ते दाबून एखादी ओळ ओढली की ओळ सरकत नाही, तिची दुसरी प्रत तयार होते.

व्हायचं तेच झालं. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं खोकं होतं. ‘दिवसातून दोनदा’ ही ओळ मी खाली ओढली, वरची तशीच राहिली, माझ्या लक्षात आलं नाही. तपासणीच्या बाई कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “दोनदा आणि दोनदा, म्हणजे पोराला चारदा पाजायचं का?” खोलीत हशा पिकला. मला हसू आलं नाही. कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जाणारं औषध होतं ते. त्या दिवशी मी डबा न उघडता घरी आणला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. म्हणाले, तुम्ही आता तपासणीच्या टेबलावर बसा, आराम मिळेल. मी म्हटलं, “आराम हवा असता तर मी घरीच होते की. मला तीन आठवडे द्या. आणि तोवर माझं प्रत्येक काम दोघांकडून तपासून घ्या.” त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघणं टाळलं.

दोन आठवडे मी करंगळीच्या मागे हात धुऊन लागले. कीबोर्ड तिरपा ठेवला, तळव्याची कड दाबून पाहिली, मनगट सुजवून घेतलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी शेवटी स्पष्ट सांगितलं, हे बोट वर्षभर तरी कामाला येणार नाही. रिक्षात बसल्या बसल्या रडले, खोटं कशाला सांगू. आणि रडता रडताच डोक्यात आलं, बोट बदलत नाही ना, मग बटण बदलू!

आमच्याकडे संगणक सांभाळणारा एक माणूस आहे. सगळे त्याला ‘रीस्टार्ट’ म्हणतात, कारण कुठल्याही दुखण्यावर त्याचं एकच औषध. त्याला म्हटलं, माझ्या मशीनवर कंट्रोल आणि ऑल्टची अदलाबदल करून दे. म्हणाला, नियमात बसत नाही. म्हटलं, नियम दाखव. त्याने फाईल चाळली, पुन्हा चाळली, टाळू खाजवली. असा नियमच नव्हता! दहा मिनिटांत काम झालं. माझा अंगठा घरी परतल्यासारखा जागेवर जाऊन बसला.

त्यानंतर साहेब एकदा माझ्या मशीनवर मला काहीतरी दाखवायला बसले. एक बटण दाबलं, भलतंच उघडलं. दुसरं दाबलं, ओळीच्या दोन ओळी झाल्या. कपाळाला घाम! मी शांतपणे म्हटलं, “साहेब, होतं असं. बोटांना कुठे माहीत असतं, मशीन बदललंय ते!” यावेळी खोलीत हशा पिकला तेव्हा मीही हसले. तिसऱ्या आठवड्यात बाळांच्या डोळ्यांच्या थेंबांचं खोकं मी एकटीने केलं. तपासणीच्या बाईंनी एकही लाल खूण न करता परत पाठवलं.

त्याच दिवशी साहेब टेबलाशी आले आणि ओशाळून म्हणाले, “तुमच्या भावाचा फोन आला होता, म्हणून मला वाटलं होतं, तुम्हालाच आता काम थांबवायचंय.” मग सगळंच सांगितलं त्यांनी. दादा, मी कामावर परतायच्याही आधी तू त्यांना सांगितलंस, तिच्याने आता होणार नाही, तिला न दुखावता मोकळं करा. त्यांना पडत्या फळाची आज्ञाच झाली. तू मायेने केलंस, मला ठाऊक आहे. पण मला विचारलं नाहीस. झटक्याने माझी दोन बोटं गेली, माझं तोंड गेलं नाही. मी कायमची राहायला येईन म्हणून तू घरात रंगवून ठेवलेली खोली वहिनीला शिवणकामाला देऊन टाक. मी येईन, चार दिवस राहीन, तुझ्याशी भांडेन आणि सोमवारी कामावर हजर होईन. आणि एक कर. साहेबांना तू पुन्हा फोन कर, आणि तुझ्या तोंडाने सांग की माझ्या बहिणीबद्दल मी चुकीचं बोललो. तो फोन झाल्यावर मला कर. मी उचलीन.

तुझीच,
कुणी सांगितलं म्हणून न थांबणारी,
धाकटी