साबणाची दाढ

५ जानेवारी

चि. खारूताईस अ. उ. आ. (आशीर्वाद लिहिलेत आखूड, दिलेत मात्र पुरते.)

फोनवर तू नुसतं हो हो करतेस आणि मागून कुणीतरी तुला मीटिंगला हाक मारतं, म्हणून पत्र. पत्राला नुसतं हो हो करून भागत नाही, उत्तर लिहावं लागतं.

कारखाना चालू आहे. दोन टेबलं, एक भट्टी आणि मी, पण कारखानाच म्हणायचं. पूर्वी दातांचे नऊ डॉक्टर माझ्याकडून कवळ्या करून घ्यायचे, आता चार उरलेत. बाकीच्यांना मशीन दात छापून देतं. छापून! जणू बसचं तिकीट. पण मशीनचं मला एवढं वाटत नाही, वाटतं ते हाताचं. उजवा हात सकाळी अकरापर्यंत माझं ऐकतो, मग थरथरायला लागतो. चाळीस वर्षांचं काम कुणाच्या तरी हातात देऊन मोकळं व्हायचंय, आणि घ्यायला कुणी नाही. वर्तमानपत्रात जाहिरात दिली, दोघे आले. एकाने विचारलं की हे घरी बसून करता येईल का. दुसऱ्याला प्लास्टर बघूनच शिंका सुरू झाल्या.

जागेचा करार मे अखेर संपतोय. मालक सज्जन आहेत, पण हो की नाही ते मार्च संपायच्या आत सांगा म्हणालेत, कारण मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण जागा बघून गेलाय. शिकणारं कुणी मिळालं तर आणखी तीन वर्षं घेते. नाही मिळालं तर कुलूप.

याचसाठी तू सांगितलास तसा ब्लॉग काढला, ‘चावून पाहा’ नावाचा. तीन महिन्यांत अकरा लेख झाले. सगळ्यात गाजलेल्या लेखाला एकोणीस वाचक, आणि त्यातली सात वेळा मीच, नीट दिसतंय ना ते बघायला गेलेली. तुझ्या ऑफिसात तुम्ही चपलांपासून शाळांपर्यंत सगळ्यांना प्रसिद्ध करता म्हणे. मग आत्यानेच काय घोडं मारलंय?

उत्तर लवकर आलं तर लोभ आहे असं समजेन.

तुझी आत्या

१३ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि. (यातली विनंती शेवटी आहे, आधी विशेष.)

तुझे अकराही लेख वाचले. आता तुझे वाचक वीस. ‘कृत्रिम दंतपंक्तीच्या बैठकीविषयी काही विचार’ हे नाव वाचून माणसं धावत येतील असं तुला वाटलंच कसं? मी तुझी सख्खी भाची, मलाही मध्येच चहा घ्यायला उठावं लागलं.

बघ, ब्लॉग म्हणजे आतल्या गल्लीतलं दुकान. माल कितीही चांगला असला तरी गल्लीत कुणी सहज शिरत नाही. सोशल मीडिया म्हणजे नाक्यावर जाऊन उभं राहणं. तिथे सगळा लेख वाचून दाखवायचा नाही. एक फोटो, दोन ओळी, आणि पुढचं ब्लॉगवर आहे म्हणून सांगायचं. आठवड्याचा एक वार धर आणि तो चुकवू नकोस. अर्ध्या तोंडाची कवळी, मेणाचा ढिगारा, तुझा तो काळाकुट्ट स्पिरिटचा दिवा, सगळ्याचे फोटो टाक. आणि नुसतं आपलंच सांगत बसू नकोस. दुसऱ्यांच्या पानांवर जा, त्यांचं बघ, आपुलकीने चार शब्द लिही. मग ते तुझ्याकडे येतात.

आणि मुख्य म्हणजे तुला कोण हवंय ते लक्षात ठेव. दहा हजार माणसं नकोयत, शिकणारं एक हवंय. लिहिताना तेच एक समोर बसलंय असं समज.

विनंती अशी की सोशल मीडिया मी पोस्टाने शिकवतेय हे माझ्या ऑफिसात कुणाला कळता कामा नये.

लोभ असावा, जमल्यास लाइकही.

खारूताई

२ फेब्रुवारी

चि. खारूताईस अ. उ. आ.

सगळं तू सांगितलंस तसंच केलं आणि तोंडावर आपटले.

दर मंगळवारी फोटो टाकले. चाळीस फॉलोअर झाले. मग तुझ्या शिकवणीप्रमाणे दुसऱ्यांच्या पानांवर गेले, त्यांचं बघितलं, आपुलकीने चार शब्द लिहिले. आता लोक फोटोत हसतात, म्हणजे दात दिसतात. दात दिसले की मी गप्प कशी बसणार? एका नव्या नवरदेवाला कळवलं की तू झोपेत दात खातोस, सुळे झिजलेत, बायकोला विचारून बघ. एका व्याख्यात्या बाईंना लिहिलं की पुढचे दोन खोटे आहेत ते ठीक, पण रंग शेजारच्यांशी जुळत नाही, करणाऱ्याने घाई केली आहे. एकीचं बाळ फारच गोड होतं, तर मी फक्त एवढंच म्हटलं की अंगठा चोखणं आताच सोडवा.

नवरदेवाने मला ब्लॉक केलं. ब्लॉक म्हणजे काय ते मला खालच्या झेरॉक्सवाल्याने समजावून सांगितलं आणि हसून हसून त्याने माझी दोन पानं उलटी छापली. आता फॉलोअर एकतीस आहेत. झोपेत दात खाणाऱ्याच्या बायकोने मात्र मला स्वतंत्र आभाराचा निरोप पाठवलाय.

शिकायला कुणीही आलेलं नाही. रोज कॅलेंडरवर मार्चअखेरचे दिवस मोजते, हे तुला म्हणून सांगते.

हसून झालं असेल तर काहीतरी सुचव.

आत्या

९ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

नाही झालं हसून. ऑफिसात डबा खाता खाता तुझं पत्र वाचलं आणि पाणी नाकात गेलं. माझी साहेबीण विचारत होती की काय झालं, मी म्हटलं घरचं गंभीर पत्र आहे.

पण मग लक्षात आलं की अगं, तुझं बोलणं हाच तुझा माल आहे! फक्त न मागता बोललीस म्हणून लोक चिडले. मागायला लाव. तुला आठवतं, सुटीत मी तुझ्याकडे असले की तू मला साबणाची वडी द्यायचीस आणि वरची पहिली दाढ कोरायला बसवायचीस? मी चार-पाच सुट्या कोरत होते आणि तू एकदाही पास केलं नाहीस. तेच लोकांना दे. खऱ्या दाढेचा चारी बाजूंनी फोटो टाक, कसं कोरायचं ते ब्लॉगवर लिही, आणि सांग की साबणाची दाढ कोरून फोटो पाठवा, मी दहापैकी गुण देईन. आणि गुण अगदी तू देतेस तसेच दे, गोड व्हायला जाऊ नकोस. ज्याला कोरायची हौस असेल तो आपोआप पुढे येईल.

पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही तरी धीर सोडू नकोस. येतील.

लोभ आहेच, तो नाकातोंडात जाईल इतका वाढू दे.

खारूताई

१२ मार्च

चि. खारूताईस अ. उ. आ. आणि वर शाबासकी.

बाई गं, काय हे! पहिल्या आठवड्यात तिघांनी दाढा पाठवल्या, तिघांचीही मी बिनपाण्याने केली, आणि ते वाचायला माणसांची रीघ लागली. पुढच्या आठवड्यात साठ दाढा आल्या, आणि आजपर्यंत चारशे बारा. एका बँकेतल्या अख्ख्या विभागाने मिळून कोरल्या. एकाने अंगाचा महागडा साबण फुकट घालवून बटाटा कोरला, त्याला मी एक गुण दिला तर त्याने तो चौकट करून मिरवला. लोकांना शिव्या खायला एवढं आवडतं हे मला आधी कळलं असतं तर मी कवळ्या कशाला केल्या असत्या? फॉलोअर नऊ हजार झालेत. अकरा जुने लेखही लोक वाचताहेत, त्या दंतपंक्तीवाल्यासकट. तुझ्या नाकावर टिच्चून.

आता महत्त्वाचं. पहिल्या तिघांत ‘मेणबत्ती’ नावाचं एक खातं होतं. फोटो नाही, माहिती नाही. पण दाढ अशी की मी चष्मा पुसून पुन्हा बघितली. कोरणी कुठे थांबवायची ते त्या हाताला ठाऊक आहे, आणि ते शिकवून येत नाही. मी सहा गुण दिले. आयुष्यात कुणाला पाचच्या वर दिले नव्हते.

तेव्हा मी काय केलं, सांगते. दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावर जाऊन मालकांना सांगितलं की जागा ठेवतेय. तीन वर्षांच्या कागदावर सही झाली. मोबाइलच्या कव्हरवाल्याने दुसरीकडे बघितलं.

आणि हे मेणबत्ती उत्तरच देत नाही. चार निरोप पाठवले, भेटायला ये म्हटलं, शिकवते म्हटलं. चिडीचूप. तुमच्या धंद्यात अशा मुक्या माणसाला कसं बोलतं करतात?

वाट बघते.

आत्या

१७ मार्च

ती. आत्यास,

आज चेष्टा नाही.

मेणबत्ती म्हणजे मीच. पहिली तिन्ही खाती माझी. रिकाम्या सभागृहात पुढच्या रांगेत कुणी बसत नाही, म्हणून आमच्याकडे आधी आपलीच माणसं बसवायची पद्धत आहे, मग बाकीचे येतात. तुझ्या पोस्टखाली शुकशुकाट असेल ही कल्पना मला सहन होईना. दोन दाढा डाव्या हाताने मुद्दाम वाईट कोरल्या. तिसरीही तशीच करणार होते, पण सुरुवात केली आणि रविवार कधी संपला ते कळलंच नाही. जेवायचं राहून गेलं. ही दाढ खोट्या खात्यासाठी आहे हे मी विसरूनच गेले होते.

ती बघून तू जागा ठेवशील हे स्वप्नातही आलं नव्हतं. नसलेल्या माणसाच्या भरवशावर तू तीन वर्षांची सही केलीस, आणि ते माझ्यामुळे. मी उद्याच मालकांशी बोलते, हवं तर तो कागद रद्द करून घेते. मला फार लाज वाटतेय आत्या. रागाव, पण उत्तर लिही.

खारूताई

२१ मार्च

चि. खारूताईस अ. उ. आ. (आज पूर्ण: अनेक उत्तम आशीर्वाद.)

मालकांकडे गेलीस तर तंगडं मोडीन.

वेडे, मला माहीत होतं. मी नमुना दिला त्या दाढेला चार उंचवटे आहेत. बाकी सगळ्यांनी चारच कोरायचा प्रयत्न केला. मेणबत्तीने आतल्या बाजूला मोहरीएवढा पाचवा कोरलाय. तू माझा नमुना बघितलाच नाहीस, आरसा घेऊन स्वतःच्या तोंडात बघत बसलीस, हो की नाही? तो पाचवा उंचवटा तुझ्या आजोबांचा. माझ्या तोंडात आहे, तुझ्या बाबाच्या आहे, आणि तुझा तर मी तू आठ वर्षांची असताना प्लास्टरमध्ये ठसा घेऊन ठेवलाय. कपाटातून काढून शेजारी धरून बघितला. मग चष्मा काढून थोडा वेळ रडले, आणि मग सही करायला वर गेले.

म्हणजे मी नसलेल्या माणसाच्या भरवशावर सही केलेली नाही. मुक्या माणसाला बोलतं कसं करायचं हे त्या माणसालाच विचारत होते, आणि तू मात्र मला फसलेली म्हातारी समजलीस.

आता सरळ लिहिते. मला तू हवी आहेस. पूर्वीही हवी होतीस, पण तू शिकत होतीस, मग नोकरी लागली, आणि मेणाच्या वासाच्या खोलीत ये म्हणायला जीभ रेटली नाही. मला कारखाना बंद करायची भीती वाटते गं. नोकरी सोडू नकोस. शनिवार-रविवार ये. तीन वर्षांत हात तयार होतो, आणि माझा हात अकरापर्यंत आहे तोवर मी शेजारी आहे. नाही म्हणालीस तरी लोभात काडीचा फरक पडणार नाही, पण नाही असेल तर ते पत्राने सांग, फोनवर हो हो करू नकोस.

आणि ती खोटी खाती. लोक माझ्या गुणांवर विश्वास ठेवतात. काय झालं ते तूच तिथे लिहायचं आहेस.

आत्या

२५ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल लिहिलं. तिन्ही खाती माझी, भाची मी, लाज माझी, सगळं लिहिलं. संध्याकाळपर्यंत सहाशे अकरा फॉलोअर गेले. बाकीच्यांचं म्हणणं असं की डाव्या हाताच्या दोन दाढांना गुण वाढवून मिळायला हवेत. बटाटेवाल्याचं म्हणणं तर असं की त्याने एवढे कष्ट केले आणि तिकडे भाचीला घरच्या घरी सहा.

पुढच्या शनिवारी पहिल्या गाडीने निघते, नऊपर्यंत पोहोचेन. म्हणजे तुझ्या हाताचे दोन तास मिळतील. साबण आणत नाही, आता थेट मेणात कोरायचं.

फक्त एक विचारायचंय. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. चार गुण कशाचे कापलेस?

खारूताई

२८ मार्च

चि. खारूताईस अ. उ. आ.

चार गुण मेणाच्या डब्याशेजारी ठेवलेत. येऊन ने.

आत्या