हमामला जाऊन आलेली चेन

प्रिय इब्तिसाम,

फोनवर माझ्या आवाजावरून तू सगळं ओळखतेस, म्हणून हे लिहून कळवतेय. बाबांची मोटरसायकल विकून मी लियाँला कायमची तुमच्याकडे यावं, हा तुझा हट्ट हिवाळाभर चाललाय, आणि मी दर वेळी “नातवाला फोन दे” म्हणून विषय टाळते. विधवा आई मराकेशमध्ये एकटी राहते याची तुला काळजी वाटते, कळतं मला. आज सरळ उत्तर देणार आहे. पण माझ्या पद्धतीनं, म्हणजे आधी गाडीच्या चेनबद्दल.

बाबा शुक्रवारी नमाजहून आले की कुसकुस शिजेपर्यंत गाडी डबल स्टँडवर लावायचे, आठवतं? मागचं चाक हातानं फिरवत चेन फडक्यानं पुसायची, आतल्या बाजूनं थेंब थेंब तेल सोडायचं, आणि वर राहिलेलं तेल पुन्हा टिपून घ्यायचं. “वर तेल ठेवलं तर अख्ख्या शहराची धूळ आपल्याकडे मुक्कामाला येते,” म्हणायचे. तू चाक फिरवायला धावायचीस आणि ते “बोटं, बोटं!” म्हणून ओरडायचे. मी दारातून बघायची. बघून बघून मला सगळं यायला लागलं होतं, हे ध्यानात ठेव.

तर गेल्या रमजाननंतर चेन कुरकुरायला लागली. हाताला तेल लागलं की भरतकामाचं कापड डागाळतं, असं स्वतःला सांगून मी गाडी जिलाली मिस्त्रींकडे नेली. तेच, कोपऱ्यावरचे, तुझ्या सायकलची पंक्चर काढणारे. त्यांची बायको वारली तेव्हा आपण हरीरा सुपाचं पातेलं पाठवलं होतं. त्यांनी मला स्टूल दिलं, पुदिन्याचा चहा मागवला, चेन बोटानं वर-खाली करून कितपत सैल आहे ते पाहिलं, तेल घातलं. घरी येऊन मी कांदा चिरताना चक्क गुणगुणत होते.

पुढच्या आठवड्यात मेली चेन कुरकुरेचना! मला असा राग आला तिचा. हमामला अंघोळीला जाताना नेते तो काळा साबण घेतला आणि ब्रशनं घासघासून तिचं सगळं तेल उतरवलं. दोन दिवसांत हवी तशी कुरकुर सुरू झाली, आणि मी निघाले मिस्त्रींकडे. असं किती वेळा केलं ते विचारू नकोस. एकदा शेजारची रुक्किया भर गल्लीत ओरडली, “काय गं झोहोर, ती चेन आहे की तान्हं बाळ? सारखं आपलं दवाखान्यात!” मी म्हटलं, “तुझ्या नवऱ्याच्या घोरण्यापेक्षा कमीच आवाज करते हो.” पण कान तापले माझे.

मागच्या आठवड्यात जिलाली मिस्त्रींनी चेन पुसली आणि फडकं नाकाशी नेलं. अदबीनं म्हणाले, “लाल्ला झोहोर, ही चेन हमामला जाऊन आलेली दिसते.” धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. उठून निघालेच होते, तर म्हणाले, “बसा हो. मीही तेल हात राखूनच घालत होतो. लवकर परत याल म्हणून.” मग मान खाली घालून, चाक उगाच फिरवत, “आपण दोघं मिळून या चेनचा जीव घेणार बघा. त्यापेक्षा लग्न करू.” मी हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. बाबा गेल्यापासून काय करायचं ते मला सगळे सांगत होते, इब्तिसाम, विचारलं कोणीच नव्हतं. मिस्त्री घाबरून आणखी एक चहा मागवून मोकळे झाले.

मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, मागणी घालायची तर रीतसर घाला. साखरेचा सुळका घेऊन बाईच्या माणसांकडे जातात ना? माझे आईवडील राहिले नाहीत, भाऊ नाही. माझं माणूस म्हणजे तू. “मग इब्तिसामकडेच मागतो,” म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी निळ्या कागदातला सुळका घेऊन ठेवलाय. ऑगस्टमध्ये तू आलीस की ते येतील, घाम पुसत, नवा झगा घालून. तू बैठकीत माझ्या वडिलांच्या जागी बसायचं. हवे तेवढे प्रश्न विचार, घाबरव सुद्धा. बाबांच्या आठवणीनं मन कडू झालं तर आधी माझ्याजवळ ये, दोघी मिळून रडू. पण त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवू नकोस, बाळा. मला त्यांच्याशी लग्न करायचंय.

तुझीच आई,
झोहोर