जुईलीच्या तक्त्यावरची रिकामी जागा

१३ डिसें., शुक्रवार
सकाळी अकरा चाळीस. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. बोईसरच्या माझ्या जुन्या शाळेत विज्ञान प्रदर्शन, मी निवृत्त शिक्षिका म्हणून पाहुणी. जुईलीच्या तक्त्यापुढे चष्मा पुसून दोनदा वाचले. ‘निष्कर्ष : बोंबील उन्हाने लवकर वाळतात.’ अक्षर तिचे नाही. वर चिकटवलेला कागद, डिंक अजून ओला. खाली तिचे नाव, शेजारी पहिला नंबर. तक्ता २३ ला पालघरला, जिल्हा प्रदर्शनाला जाणार.

मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी. गोड हसून म्हणते, “मॅडम, निष्कर्षाशिवाय तक्ता कसा पाठवणार? तेवढं आम्हीच बघितलं.”

तेवढं! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर उत्तर येत नसेल तर जागा कोरी ठेवायला लावत. कॉपीला छडी, कोऱ्या जागेला नाही. हिला मी काय शिकवले मग?

१४ डिसें.
जुईली संध्याकाळी माझ्या ओट्यावर. नववीतली, इथल्याच तारापूरच्या कोळीवाड्यातली. प्रश्न तिचा तिनेच काढलेला : बोंबील ऊन वाळवते की वारा? अर्धे उन्हात, आडोशाला. अर्धे सावलीत, वाऱ्यावर. मी फक्त वजनकाटा दिला आणि तोंड बंद ठेवले. मला ते किती जड जाते, माझे मलाच माहीत.

प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी ती शाळेत असताना तिच्या आईने सावलीतले सगळे उन्हात नेऊन टांगले. विचारले तर, “माल कुजला असता ना बाय! आमी कदी सावलीत टांगतो काय?”

पोर आईशी भांडली नाही. निष्कर्षाच्या जागी लिहिले, ‘आईने हलवले. माहीत नाही. पुन्हा करणार.’ शाळेचा कागद नेमका त्यावर चिकटवलाय.

१६ डिसें.
किनाऱ्यावर बसून राहिले. बोंबील जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा, काठीवर झुलत होते. ऊन उतरत चाललेले, सगळे अर्धपारदर्शक. डोळा लागला असावा. वर्गात बाकांऐवजी काठ्या, काठ्यांवर आम्ही मुली, जोडीजोडीने, पांढऱ्या फ्रॉकमध्ये, वाऱ्यावर हलतोय. सिस्टर खालून काहीच विचारत नाहीत. फार बरे वाटत होते.

जागी झाले तर जुईली शेजारी उभी, कारखान्यांच्या चिमण्यांकडे बघत. “धूर समुद्राकडे चाललाय. वारा फिरला.” मला नव्हे, स्वतःलाच सांगत होती. मी घड्याळ बघितले नाही. कितीतरी वेळ तसेच…

१७ डिसें.
शाळेला पत्र लिहिले. दीड पान. ‘निर्लज्ज’ एकदा, ‘लबाडी’ तीनदा. झकास जमले होते. जुईलीला मोठ्याने वाचून दाखवले.

“मस्त हाय. पन बाई, हे तुमचं भांडण झालं. माझं मी लिहिते.”

कानाखाली बसल्यासारखे झाले. म्हटले, “अगं, पालघर हुकलं तर?”

“जायचं तर हाय मला. पन तिथं कोनी विचारलं, कसं कळलं, तर काय सांगू?”

माझे पत्र फाडले नाही. कपाटात ठेवले. म्हातारीला तेवढी हौस.

१८ डिसें.
तिने आज आपले पत्र स्वतः शाळेत नेऊन दिले. मी फाटकाबाहेर रिक्षात थांबले, आत गेले नाही. आई शनिवारी नवे बोंबील द्यायला कबूल झालीय म्हणे : “या वक्ताला हात नाय लावत. कुजले तं तूच खा!”

पत्र इथे उतरवते. एकही शब्द माझा नाही.

‘मुख्याध्यापिका बाईंना नमस्कार. माझ्या तक्त्यावरचा निष्कर्ष माझा नाही. तो खरा असेल, पण मला तो अजून कळलेला नाही. कृपया कागद काढा, खाली मी लिहिलेले आहे ते राहू द्या. मला पालघरला जायचे आहे, तेवढेच घेऊन. चालणार नसेल तर माझे नाव काढा. शनिवारी पहाटे मला पुन्हा बोंबील टांगायचे आहेत, म्हणून शुक्रवार, २० डिसेंबर, दुपारी चारच्या आत उत्तर द्यावे. लेखी.’