वेळ नाही म्हणजे शून्य नव्हे

सोम. ७ फेब्रु. ९४, डोंबिवली
आपटेकाकांच्या (यापुढे आ.का.) कॉम्प्युटर-पत्रिकेच्या दुकानात आज ठाण्याच्या कोळीवाड्यातली एक बाई कागद आपटून गेली. लेक हेमा सोबत. कागद आमचाच, विठ्ठलवाडीच्या मुलाकडच्यांनी काढून नेलेला. 'कडक मंगळ'. ठरलेलं लग्न अडलंय.
"जन्माची वेल कुनी सांगितली तुमाला? मनाच ठाव नाय!"
फॉर्म काढला. वेळेची जागा कोरी.

मंगळ. ८
सापडलं. वेळ दिली तर दिली, नाही तर नाही, अशी सोय मीच ठेवलेली. नाही दिली की प्रोग्राममधलं माझं फंक्शन शून्य धरतं. शून्य म्हणजे रात्रीचे बारा! त्यावरून लग्नरास, त्यावरून मंगळ. शाबास गं बाई! चुकीच्या लग्नावरून पोरीचं लग्न मोडायला निघाले.

बुध. ९
आ.का.: "आपली चूक झाली असं लिहून दिलं तर उद्या गिऱ्हाईक येईल का?"
"नाही दिलं तर मी येणार नाही." बोलून गेले खरी.
फंक्शन नव्याने लिहिलं. आधी मोजायचं, काय काय आलंय. वेळ नसली तरी गुण द्यायचे, त्या दिवशी चंद्र एकाच नक्षत्रात असेल तर. मंगळ मात्र द्यायचाच नाही. आणि कुणी नुसते गुण मागितले तर मंगळाचं गणित करायचंच कशाला? दुपारपर्यंत चाललं. जाम बरं वाटलं.

शुक्र. ११
मायलेकींना बोलावलेलं. आ.का. मऊ पडलेत. "काही खूण आठवते का?"
"भरती व्हती. धनी होडी काढत व्हता."
जन्मतिथी दशमी. भरतीची वेळ काढायला आ.का.नी तिथीची पाऊणपट केली. साडेसात. पण सकाळचे की संध्याकाळचे?
"मना तवा सुद व्हती का?"
सगळे हसलो, हेमासुद्धा. सकाळ धरली तर मंगळ नाही, संध्याकाळ धरली तर आहे. आ.का. माझ्याकडे बघतायत, सकाळ घाल. मलाही मोह...
हेमाच म्हणाली, "नको ताई. कोरीच राहू दे."

रवि. १३
विठ्ठलवाडीचा मुलगा एकटाच आला. नवा कागद दिला, चूक आमची, खाली माझी सही. गुण सव्वीस.
"म्हणजे मंगळ नाही?"
"नाही असं नाही. माहीत नाही."
कागद पुन्हा वाचला. मग म्हणाला, "माझी वेळ आहे ना तुमच्याकडे? ती खोडून, जागा कोरी ठेवून माझापण एक कागद द्या. दोघांचं सारखं होऊ दे."
काढून दिला. त्याने दोन्ही एकत्र घडी करून खिशात घातले. आता घरी आईला दाखवणार म्हणे.